विश्लेषण : जुनी कोरी अमेरिकन टपाल तिकिटे खरेच लाखमोलाची असतात का?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत जुनी घरे पाडून नवी बांधली जात आहेत. वाटण्या होताना माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. त्यात कधी कधी टपाल तिकिटांचा अल्बम निघतो आणि त्यात अमेरिकेची न वापरलेली, मागे डिंक तसाच असलेली तिकिटे सापडतात. मग मोबाइलवर शोध सुरू होतो. 'एका तिकिटाला सोळा कोटी' अशी बातमी समोर येते आणि घरात कुजबूज सुरू होते. ही किंमत कशी ठरते, ती आपल्या अल्बमला लागू पडते का आणि या नादात आपण नेमके काय गमावतो, हे समजून घेणे गरजेचे आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ट्रंकेतल्या बहुतेक कोऱ्या अमेरिकन तिकिटांना त्यांच्यावर छापलेल्या रकमेइतकेही पैसे मिळत नाहीत. मात्र त्याच ट्रंकेतली पिवळी पडलेली, शिक्के बसलेली पाकिटे खरोखर मोलाची असू शकतात. आपण नेमके उलटे करतो. तिकिटे जपतो आणि पाकिटे रद्दीत घालतो.

ही तिकिटे आपल्याकडे आली कशी?

वाटा अनेक आहेत. १९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यानंतर मराठी डॉक्टर, इंजिनीअर मोठ्या संख्येने तिकडे गेले. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून परतलेल्या आईवडिलांच्या सामानात उरलीसुरली तिकिटे आली. पत्रमैत्रीचा छंद जोरात होता त्या काळात पाकिटात कोरी तिकिटे घालून पाठवण्याची पद्धत होती. छंदाच्या दुकानांत 'शंभर देशांची तिकिटे' अशी पाकिटेही मिळत.

या दोन तालुक्यांची अमेरिकेशी ओळख मात्र आयटी कंपन्यांच्या किंवा ग्रीन कार्डच्या काळातली नाही. ती त्याहून किमान शंभर वर्षे जुनी आहे. बोस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड' या संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) स्थिरावले आणि पुढे घोडनदीकाठच्या शिरूरलाही त्यांचे ठाणे झाले. दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारले, त्यामागेही अमेरिकेतून येणाऱ्या मदतीचा मोठा वाटा होता. या इतिहासाकडे पुढे पुन्हा वळू, कारण खरी किंमत तिथेच दडलेली आहे.

'कोरे तिकीट' म्हणजे नेमके काय?

शिक्का नाही म्हणजे तिकीट कोरे, एवढे संग्राहकांना पुरत नाही. ते तिकीट उलटे करून मागची बाजू आधी पाहतात. कारखान्यातून निघाले तेव्हाचा डिंक अखंड असेल आणि त्यावर काहीही चिकटवल्याची खूण नसेल, तर ते 'मिंट'. पूर्वी अल्बममध्ये तिकीट लावण्यासाठी कागदाचा छोटा दुमडलेला तुकडा वापरत, त्याला हिंज म्हणतात. हिंजचा डाग राहिला की दर्जा एक पायरी खाली येतो. डिंक पूर्ण गेला असेल, तर शिक्का नसला तरी किंमत आणखी घसरते. जुन्या, दुर्मीळ तिकिटांत या तीन अवस्थांच्या किमतीत दुप्पट-तिपटीचा फरक सहज पडतो.

डिंकाचा मोठा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. दमट हवेत तिकिटे एकमेकांना चिकटतात, डिंकावर तपकिरी ठिपके पडतात. मग घरातले कोणीतरी ती पाण्यात भिजवून सोडवते. वापरलेल्या तिकिटासाठी ही रीत योग्य आहे, कोऱ्यासाठी घातक. भिजवले की डिंक गेला आणि त्याबरोबर 'मिंट' हा दर्जाही गेला.

याशिवाय चित्र चौकटीच्या मध्यावर छापले आहे का, कडेचे दाते पूर्ण आहेत का, कागद पातळ झाला आहे का, रंग उडाला आहे का, हेही पाहिले जाते. शंभर वर्षांचे तिकीट असले तरी एक कोपरा दुमडलेला असेल, तर घेणारा त्याकडे फारसे लक्ष देत नाही.

तिकीट जुने असूनही स्वस्त का?

कारण किंमत वयावर ठरत नाही. किती छापली गेली, किती उरली आणि आज किती जणांना ती हवी आहेत, यावर ठरते. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

कोलंबसच्या अमेरिका-प्रवासाला ४०० वर्षे झाली म्हणून १८९३ मध्ये अमेरिकेने १ सेंटपासून ५ डॉलरपर्यंतची १६ तिकिटे काढली. त्यातले २ सेंटचे जांभळट तिकीट १३० वर्षांहून जुने आहे. पण ते छापले गेले १४० कोटींहून अधिक. त्यामुळे आजही ते बाजारात सहज मिळते. त्याच संचातील १ ते ५ डॉलरची तिकिटे मात्र महाग आहेत, कारण तेव्हा एवढे पैसे देऊन ती घेणारे फार थोडे होते.

दुसरे उदाहरण दुसऱ्या महायुद्धाचे. १९४२ मध्ये निघालेले 'विन द वॉर' हे गरुडाचे ३ सेंटचे तिकीट. त्याच्या प्रती २,००० कोटींहून अधिक छापल्या गेल्या. पृथ्वीवरच्या आजच्या प्रत्येक माणसाला दोन-दोन द्यावीत आणि तरीही उरावीत, एवढ्या.

तिसरे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे. २६ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने महात्मा गांधींवर दोन तिकिटे काढली. देशांतर्गत पत्रासाठी ४ सेंटचे आणि परदेशी साध्या टपालासाठी ८ सेंटचे. पदकावर कोरल्यासारखा गांधीजींचा चेहरा त्यावर आहे. भारतीय घरांत हे तिकीट आवर्जून जपलेले दिसते आणि 'अमेरिकेने काढलेले गांधींचे तिकीट' म्हणून त्याची मोठी किंमत सांगितली जाते. प्रत्यक्षात ४ सेंटचे तिकीट १० कोटींहून अधिक छापले गेले होते. आज ते काही रुपयांत मिळते. भावनिक मोल मोठे आहे, यात शंका नाही. पण बाजार भावनेला पैसे मोजत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. अमेरिकेत १९३२ ते १९५८ या काळात साध्या पत्राचा दर ३ सेंट होता. त्या काळात अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः तिकिटे जमवणारे होते आणि हा छंद घरोघरी पोचला होता. लोकांनी 'पुढे किंमत वाढेल' म्हणून पानेच्या पाने विकत घेऊन कपाटात ठेवली. लाखो जणांनी एकच गोष्ट जपून ठेवली, तर ती दुर्मीळ होणार कशी? त्या पिढीनंतर वारसांनी कपाटे उघडली आणि सगळा साठा एकदम बाजारात आला. आपल्या ट्रंकेतली कोरी तिकिटे बहुतांशी याच काळातली किंवा त्यानंतरची असतात.

मग कोटींची तिकिटे कोणती?

बातम्यांत झळकते ते प्रामुख्याने 'इन्व्हर्टेड जेनी'. १९१८ मधले २४ सेंटचे विमानाचे तिकीट. छपाईत विमान उलटे पडले आणि चुकीचे फक्त १०० तिकिटांचे एकच पान टपाल खिडकीतून विकले गेले. १४ मे १९१८ रोजी वॉशिंग्टनमध्ये एका ग्राहकाने ते घेतले. त्यातले एक तिकीट नोव्हेंबर २०२३ मध्ये २० लाख डॉलरहून अधिक किमतीला, म्हणजे सोळा कोटी रुपयांहून अधिक रकमेला विकले गेले. बातमी खरी आहे. पण ती १०० तिकिटे एकेक करून ओळखलेली आहेत, पानावरच्या जागेनुसार त्यांना क्रमांक आहेत. ती ट्रंकेत अशीच पडून असण्याची शक्यता जवळपास शून्य.

१९३० मध्ये ग्राफ झेपेलिन या आकाशयानासाठी ६५ सेंट, १ डॉलर ३० सेंट आणि २ डॉलर ६० सेंट अशी तीन तिकिटे निघाली. मंदीचे दिवस होते, एवढे पैसे कोणाकडे? २ डॉलर ६० सेंटचे तिकीट सुमारे ६१ हजारच विकले गेले आणि उरलेली तिकिटे नष्ट करण्यात आली. म्हणून ही तिन्ही आजही मौल्यवान आहेत. असे काही निघाले, तर मात्र जाणकाराला दाखवावे.

दुर्मीळतेचा हा नियम आपल्या गांधी तिकिटांवरूनच सर्वांत स्पष्ट कळतो. १९४८ मध्ये भारताने गांधीजींवर काढलेल्या १० रुपयांच्या तिकिटावर 'सर्व्हिस' हा शब्द छापून गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी केवळ १०० प्रती तयार झाल्या. अशी चार तिकिटे २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. दोन्हीकडे गांधीजीच. एका बाजूला १० कोटी प्रती, दुसऱ्या बाजूला १००. फरक एवढाच.

कॅटलॉगमधील किंमत आणि हातात पडणारी किंमत वेगळी का?

अमेरिकन तिकिटांसाठी 'स्कॉट' हा कॅटलॉग प्रमाण मानला जातो. १८६८ पासून तो निघतो आणि त्यातील क्रमांकानेच तिकिटे ओळखली जातात. त्यात प्रत्येक तिकिटापुढे किंमत असते. घरातला कोणी ती बेरीज करतो आणि आकडा मोठा होतो. इथेच गल्लत होते.

कॅटलॉगमधील किंमत म्हणजे दुकानदाराकडून एक निवडक, निर्दोष तिकीट घेताना तुम्ही साधारण काय द्याल, याचा अंदाज. तुम्ही विकायला गेल्यावर काय मिळेल, हे त्यात नसते. सर्वांत स्वस्त तिकिटांपुढे जी किमान किंमत असते, ती तर तिकिटाची नसतेच. ते शोधून, पाकिटात घालून ग्राहकाला देण्याच्या श्रमाची ती किंमत आहे. घाऊक विकताना ती कोणीच देत नाही. मंडईत कोथिंबिरीची जुडी ग्राहकाला ज्या भावाने मिळते, तो भाव शेतकऱ्याच्या हातात पडत नाही, हे शिरूर-दौंडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवर दिसणारे आकडेही बहुधा मागितलेले असतात, मिळालेले नसतात. कोणीही ३ सेंटच्या तिकिटापुढे ५० हजार लिहू शकतो. पाहायचेच असेल, तर 'विकले गेलेले' व्यवहार वेगळे काढून पाहावेत. तेव्हा खरा भाव दिसतो.

निदान अमेरिकेत पत्रावर तरी चिकटवता येतील का?

येतील. अमेरिकेची १८६१ पासूनची टपाल तिकिटे आजही तिथे टपालासाठी ग्राह्य आहेत. त्याआधीची यादवी युद्धाच्या वेळी रद्द झाली. म्हणून कोऱ्या तिकिटांची निदान दर्शनी किंमत तरी टिकते, असे म्हणता येते. पण हिशेब करून पाहा. जुलै २०२५ मध्ये तिथे साध्या पत्राचा दर ७८ सेंट झाला. म्हणजे त्या दराने ३ सेंटची २६ तिकिटे लावली, तर एक पत्र जाईल. पाकिटावर पत्ता लिहायला जागाच उरणार नाही.

म्हणूनच तिथले व्यापारी अशी तिकिटे दर्शनी किमतीपेक्षा बऱ्याच कमी दराने घेतात. टपाल खाते ती परत घेऊन रोख पैसे देत नाही. भारतातून पत्र टाकताना तर ती चालतच नाहीत, कारण एखाद्या देशाचे तिकीट त्या देशाच्या टपालपेटीतच चालते.

समजा, अल्बममध्ये ३ सेंटची ४०० कोरी तिकिटे आहेत. दर्शनी किंमत झाली १२ डॉलर, म्हणजे साधारण हजार रुपये. त्यातून व्यापाऱ्याची कपात आणि अमेरिकेला नोंदणीकृत पाकीट पाठवण्याचा खर्च वजा केला, तर हाती काय राहणार? एवढ्यासाठी भावाभावांत अबोला धरण्यात अर्थ नाही.

घरच्या घरी छाननी कशी करावी?

पहिले काम, बोटांऐवजी चिमटा वापरा आणि हात कोरडे ठेवा. मग तिकिटांचे चार गठ्ठे करा.

एक : खरे टपाल तिकीट नसलेले तुकडे. अमेरिकेत १९०७ पासून क्षयरोग निवारणाच्या निधीसाठी नाताळात रंगीत चिकट्या विकल्या जात. त्या तिकिटासारख्याच दिसतात, पण त्यांवर टपालाचे मूल्य नसते. महसुली तिकिटेही वेगळी काढा.

दोन : १९३२ नंतरची कमी सेंटची तिकिटे. सगळ्यात मोठा गठ्ठा हाच असेल. यांची फक्त दर्शनी बेरीज करा, एकेक शोधत बसू नका.

तीन : १९३२ पूर्वीची तिकिटे आणि कोणत्याही काळातील डॉलरमध्ये मूल्य असलेली तिकिटे. ही बाजूला ठेवा. १९०८ ते १९२२ मधील वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन यांच्या चेहऱ्याची तिकिटे सारखीच दिसतात, पण दात्यांची संख्या आणि कागदातील जलचिन्ह यांवरून त्यांचे अनेक प्रकार पडतात. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे बसतात, ते मोजण्याची पट्टी स्वस्तात मिळते. बहुतेक वेळा उत्तर 'सामान्य प्रकार' असेच येते. तरी पाहायला हरकत नाही.

चार : पाकिटे, पोस्टकार्डे, पत्रे. यांना हात लावू नका. यांवरचे एकही तिकीट सोडवू नका, कापू नका.

तिसऱ्या गठ्ठ्यात काही विशेष वाटले, तरच तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राचा विचार करावा. अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी ही १८८६ पासूनची संस्था आणि न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन अशी प्रमाणपत्रे देतात. त्याला शुल्क लागते. त्यामुळे दहा डॉलरच्या तिकिटासाठी हा खटाटोप परवडणारा नाही.

साठवण साधी आहे. तिकिटे लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये, फोटोंच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये ठेवू नयेत. पावसाळ्यापूर्वी कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि उन्हात मात्र वाळवू नयेत.

फसवणूक नेमकी कुठे होते?

'जुनी नाणी, नोटा, तिकिटे द्या, लाखो घ्या' अशा चित्रफिती आणि जाहिराती मोबाइलवर सतत फिरतात. पद्धत ठरलेली असते. तुम्ही फोटो पाठवता. समोरचा लगेच मोठी रक्कम सांगतो. मग 'नोंदणी शुल्क', 'जीएसटी', 'परवाना', 'पार्सलचा विमा' अशी एकेक मागणी सुरू होते. आधी पाचशे, मग पाच हजार, मग पन्नास हजार. लाखांच्या आशेने माणूस भरत राहतो.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबाबत जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपले नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांकडून शुल्क, कमिशन किंवा कर मागितला जात आहे. अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि असे शुल्क ती घेत नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. इशारा नोटा-नाण्यांबाबत असला, तरी तिकिटांच्या नावाने चालणारी युक्ती वेगळी नाही.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच. विकणारे तुम्ही असाल, तर पैसे तुमच्याकडे यायला हवेत. घेणारा आधी पैसे मागत असेल, तर तो घेणारा नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

यात प्रसारमाध्यमांचाही दोष आहे. 'एका तिकिटाला सोळा कोटी' हे ठळक छापले जाते आणि 'अशी जगात शंभरच आहेत' हे वाक्य शेवटी कुठेतरी जाते किंवा जातच नाही. अर्धी बातमी ही ठकसेनांना मिळालेली फुकट जाहिरात असते.

मग खरा ऐवज कोणता?

आता शिरूर आणि केडगावकडे परत येऊ.

आनंदीबाई जोशी यांची कथा सर्वांना माहीत आहे. पण ती एका पत्रव्यवहारातून घडली, हे सहसा ध्यानात येत नाही. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यातच नोकरीला होते. त्यांच्या पत्नीच्या शिक्षणाबाबतचा मजकूर अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापून आला. तो न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी वाचला आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्यातून झालेल्या मैत्रीमुळे आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला जाऊ शकल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या निधनानंतर १८८८ मध्ये कॅरोलिन डॉल यांनी लिहिलेल्या चरित्राचा मोठा आधार ही पत्रेच होती. कार्पेंटर यांच्या घरात कोणी तिकिटांसाठी पाकिटे कापून पत्रे फेकली असती, तर आपण आनंदीबाईंचा आवाज कसा ऐकला असता?

त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढची दोन वर्षे त्या अमेरिकाभर फिरल्या. १८८७ च्या डिसेंबरमध्ये बोस्टनला 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. गावोगावी 'रमाबाई सर्कल' निघाली, वर्गण्या जमल्या. त्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, ते पुण्याला आले आणि पुढे दुष्काळाच्या काळात दौंड तालुक्यातील केडगावला मुक्तीचे काम वाढले. रमाबाईंचे निधन १९२२ मध्ये केडगावलाच झाले. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

या साऱ्या काळात बोस्टन आणि केडगाव, बोस्टन आणि शिरूर यांच्यामध्ये सतत टपाल ये-जा करत होते. भारत १८७६ मध्ये जागतिक टपाल संघात आला होता. अमेरिकेतून परदेशी साध्या पत्राचा दर ५ सेंट होता आणि १८९८ मध्ये संघाच्या नियमानुसार ते ५ सेंटचे तिकीट निळ्या रंगात आले. ते निळे तिकीट सुटे, कोरे असेल तर त्याची किंमत माफक. पण तेच तिकीट १९०० च्या सुमारास केडगावला आलेल्या पाकिटावर असेल, पुढे अमेरिकन गावाचा शिक्का, मागे मुंबईचा आणि पोहोचल्याच्या कार्यालयाचा शिक्का, आणि आत दुष्काळातल्या मुलींसाठी पाठवलेल्या मदतीचा मजकूर, तर तो दस्तऐवज आहे. संग्राहक त्याला सुट्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त देईल. अभ्यासकाला तर तो पैशात मोजता येणार नाही.

विरोधाभास पाहा. अमेरिकन बोर्डाची कागदपत्रे आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात जपलेली आहेत आणि त्यात मराठी मिशनचा पत्रव्यवहारही आहे. इथून तिकडे गेलेली पत्रे तिथे सांभाळली गेली. तिकडून इथे आलेली पत्रे मात्र आपल्या घरांत, जुन्या संस्थांच्या कपाटांत आहेत आणि घर आवरताना ती रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. संवादाची एक बाजू शाबूत राहिली, दुसरी किलोच्या भावाने गेली.

पाकीट ओळखताना काही खुणा उपयोगी पडतात. जुन्या इंग्रजी लेखनात शिरूरचे 'सिरूर' किंवा 'सेरूर' होते आणि दौंडचे 'धोंड'. केडगाव दोन आहेत, एक दौंड तालुक्यात आणि एक अहिल्यानगरजवळ. त्यामुळे पत्ता आणि शिक्का दोन्ही वाचावेत. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल, तर पाकीट १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण ही पद्धत त्या दिवशी सुरू झाली. आणि फक्त मिशनचीच पत्रे मोलाची असतात असे नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतून मुलाने गावाकडे पाठवलेली निळी हवाईपत्रेही उद्याचा इतिहास आहेत. पहिल्या पगाराचा आकडा, पहिल्या थंडीचे वर्णन, ऊस आणि विहिरीची चौकशी हे कोणत्याही सरकारी अहवालात मिळणार नाही.

काय करायला हवे?

काही जण म्हणतील, आम्हाला इतिहास नको, पैसे हवेत. त्यात चूक काही नाही. मग विका, पण भाव जाणून विका. दोन-तीन ठिकाणी दाखवा, लेखी पावती घ्या, अल्बम कोणाकडेही 'पाहून सांगतो' म्हणून सोडून येऊ नका. आणि पाकिटे विकण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे व आतील पत्राचे फोटो काढून ठेवा. मोबाइल हातात आहेच, खर्च शून्य.

ज्यांना विकायचे नाही, त्यांनी पत्रे कुटुंबात वाटून विखरू नयेत. एकत्र ठेवावीत, तारखेप्रमाणे लावावीत. कुटुंबाला सांभाळणे शक्य नसेल, तर पुण्यात १९१० पासून कागदपत्रे जपणारे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथे किंवा अशा दुसऱ्या संस्थेत चौकशी करता येते. खासगी मजकूर असेल, तर तो कोणाला दाखवायचा याचा निर्णय अर्थात घरच्यांचाच.

आमची अपेक्षा तालुक्याच्या पातळीवरही आहे. शिरूर आणि दौंडमधील एखाद्या महाविद्यालयाने किंवा सार्वजनिक ग्रंथालयाने वर्षातून एक दिवस 'जुनी पत्रे घेऊन या' असा उपक्रम ठेवावा. लोकांनी पाकिटे आणावीत, विद्यार्थ्यांनी ती स्कॅन करून नोंदवावीत आणि मूळ पाकिटे त्याच दिवशी परत द्यावीत. एक स्कॅनर, एक वही आणि इतिहासाचे एक उत्साही शिक्षक एवढे पुरेसे आहे.

आणि कोऱ्या तिकिटांचे काय? ती मुलांच्या हाती द्या. स्वस्त आहेत, हीच त्यांची मोठी सोय आहे. काहीशे रुपयांत सहावीतल्या मुलाला लिंकन, लिंडबर्ग, चांद्रयान आणि गांधी एका अल्बममध्ये लावता येतात. टपाल खात्याची 'दीनदयाळ स्पर्श' ही योजना २०१७ पासून आहे. सहावी ते नववीच्या, तिकीटसंग्रहाचा छंद असलेल्या विद्यार्थ्यांना त्यात वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. देशभरात अशा ९२० शिष्यवृत्त्या आहेत. शाळेच्या फिलाटेली क्लबचे सदस्यत्व किंवा टपाल कार्यालयातील फिलाटेली खाते त्यासाठी लागते, आणि हे खाते २०० रुपयांत उघडता येते. ज्या ट्रंकेतून लाखभर रुपये निघतील या आशेने घरात तंटा होतो, तिच्यातून एका मुलाची शिष्यवृत्ती निघाली, तर तो सौदा अधिक फायद्याचा.

तोवर एवढे तरी पाळावे. यंदा घर आवरताना रद्दीची पोती बांधण्याआधी परदेशी शिक्क्याची पाकिटे वेगळी काढून ठेवावीत आणि त्यांवरची तिकिटे आहेत तिथेच राहू द्यावीत.